हातातोंडाची गाठ

नऊ वर्षं मी किसुमूच्या या इमारतीत
रक्त तपासतो आहे.
उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये, तिसऱ्या कप्प्यात
मुलं ठेवलेली असतात आमच्याकडे,
बोटभर नळ्यांत, नावाशिवाय.

चारशे सतराच्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या.
औषध घातलं की सैल होऊन गोल व्हायच्या,
मूल झोपेत मूठ सोडतं तशा.
आम्ही टाळ्या वाजवल्या. केक कापला.
शोधनिबंधावर माझं नाव सातवं.

वॉर्ड आवाराच्या पलीकडे,
जकरंदाखालून चालत चार मिनिटं.
मी कधी गेलो नव्हतो.
परवा गेलो, कारण नर्स पेरेझचा फोन आला:
तुमचं औषध भिंतीवर आहे.

खरंच भिंतीवर होतं.
पिवळा ओघळ, खाली येता येता वाळलेला.
खाटेवर अपियो, वय चार, ओठ घट्ट मिटून,
आणि पायथ्याशी तिची जुळी अदोंगो,
जिच्या रक्तात विळा नाही,
बहिणीच्या वतीने माझ्यावर डोळे वटारून.

किती कडू आहे, हे आम्ही मोजलंच नव्हतं.
उंदरांना नळीने देतात.
मीही त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं
आणि भिंतीचं म्हणणं पटलं.

हातातोंडाशी आलं होतं सगळं.
हात आणि तोंड यांच्यामधली वीतभर जागा
आमच्या एकाही आलेखात नव्हती.

पेरेझने त्यांच्या आईचा डबा उघडला:
नाचणीची उजी, चिंचेने आंबट केलेली.
यात कालवू?
मी म्हणालो, थांबा.
आंबटात ते टिकेल की नाही, कुणास ठाऊक.

मग त्याच वाटेने उलटा निघालो,
डबा पोटाशी धरून, झाकण दाबून.
जन्मात फक्त निर्मळ द्रव चाखलेल्या यंत्राला
मी पेज पाजली.
गाळून. परत गाळून. चौथ्यांदा गाळून.
ते अडखळलं, दोनदा बंद पडलं,
रात्री अकराला त्याने कागद सोडला:
वीस मिनिटं टिकतं. पुढे नाही.

आता फाइलीत, छापील आकड्यांखाली,
पेनाने एक ओळ आहे:
उजी कोमट असावी, कालवल्यावर लगेच भरवावी.

सकाळी अपियोने अर्धी वाटी घेतली.
विळे गोल होतील का, सहा महिन्यांनी कळेल.
कदाचित नाही होणार.

दुष्परिणामांच्या रकान्यात
पेरेझने लिहिलं आहे:
जुळ्या बहिणीलाही हवी आहे.