मठार

तांबट आळीत पहिला ठोका आता नवाला पडतो.
पूर्वी सहाला पडायचा.
समोरच्या नव्या इमारतीने अर्ज केला, तेव्हा
दत्तूकाका म्हणाले, बरं झालं, चहा निवांत होईल.

काकांचा उजवा कान गेलाय.
डाव्याने ते पत्रा ऐकतात:
इथे मऊ आहे, अजून दोन घाल.
हातोडी माझ्याकडे आली
ती कुणी हातात दिली म्हणून नाही.
त्यांचा खांदा निखळला, ऑर्डर अडकली होती,
एवढंच.

मठार कशाला, विचारतात येणारे.
मी सांगते, ठोक्यांनी तांबं कणखर होतं.
हंडा विहिरीच्या काठावर आपटला
तरी पोचा येऊ नये,
म्हणून अंगभर या टिकल्या.
आता विहीर नाही, आपटणं नाही,
टिकल्या तेवढ्या हव्यात.
जरा ठळक पाडा, म्हणतात.

कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलने
आमच्याकडून सतरा बंब नेले.
म्हणजे बंबांची नुसती पोटं,
तळ कापून उलटी टांगलेली, आत दिवे सोडलेले.
काकांना मुद्दाम दाखवायला नेलं.
इस्त्रीचा सदरा घालून
ते मान वर करून उभे राहिले,
बराच वेळ.
मग वेटरला विचारलं,
"आणि राख कुठून काढायची?"

परतताना रिक्षात मात्र हसत होते.
माझे पणजोबा बंबाला हात लावायचे नाहीत, म्हणाले.
हंडे-घागरीवाला माणूस.
म्हणायचे, हे साहेबाच्या पाण्याचं खूळ,
चार दिवसांत उतरेल.
आणि त्यांचा आजा, म्हणे,
घागरीलाच नाक मुरडायचा,
त्याचा जन्म टाकसाळीत गेलेला.

मग आपलं खरं काम कुठलं, काका?
संगम पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.
त्यांनी डावा कान पुढे केला,
मी पुन्हा विचारलं.
ते रिक्षाच्या दांडीवर बोटाच्या पेराने
टक टक करून बघत होते.
"पत्रा पातळ आहे," म्हणाले.

आमच्या घरचा बंब त्या सतरांत गेला,
एक कमी पडत होता.
नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी
काका गीझरला कुंकवाची बोटं ओढतात,
मग झेंडूची माळ,
स्टुलावर चढून, एका हाताने.

मी स्टूल धरते.
वरून आवाज येतो:
हलू नकोस.