हांव न्हय, टीचर

चार इयत्ता, एक खोली, एकोणीस मुलं.
पहिलीकडे पाठ फिरवली की पहिली बाकाखाली,
चौथीकडे फिरवली की चौथी एकमेकांच्या दप्तरात.
माझ्या पाठीला डोळे फुटतील अशी
खात्याची अपेक्षा असावी.

त्यात वेदेश चोडणकर, तिसरी, खिडकीजवळ.
ओठ मिटून पोदेराचा भोंगा काढतो.
पोंय, पोंय.
इतका हुबेहूब, की एकदा स्वयंपाकाच्या बाई
पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेल्या.
"कोण?"
"हांव न्हय, टीचर."
डोळे तर असे, जणू आत्ताच धुऊन वाळत घातलेत.

जूनमध्ये मी तक्ता लावला होता, आपले नियम.
'वर्गात शांत बसावे' मधल्या शांतला
कुणीतरी शेपटी काढून शांतू केलाय,
आणि पहिलीतला शांतू गावडे
त्या तक्त्याखाली बसायला तयार नाही.

मग चांगल्या वागणुकीचे तारे दिले.
आठवड्यात त्यांचा बाजारभाव ठरला:
एका ताऱ्याला दोन बिंबलं, मीठ वेगळं.

वेदेशला बाहेर उभा केला.
बाहेर मांडवी आहे. गाळात बगळे, पलीकडे दिवाडी,
ये-जा करणारी फेरीबोट.
शिक्षा आत बसलेल्यांनाच झाली,
त्यात मीही होते.

शेवटी आईला चिठ्ठी.
ती तशीच आली, खुब्यांची टोपली घेऊन.
व्हरांड्यात तिच्या पायांशी पाण्याचं तळं होत गेलं.
मी सगळं सांगितलं. मी जरा जास्तच सांगितलं.
ती म्हणाली, "घरा तो उलयनाच, टीचर.
बापूय बोटीर गेल्या दिसापसून."
मग हळूच, "कसो आवाज काडटा?"

आता कसा सांगायचा आवाज?
मी पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं,
आणि नार्वेच्या सरकारी शाळेच्या व्हरांड्यात,
अकरा वर्षांच्या नोकरीनंतर,
पोंय, केलं.

आत एकदम चिडीचूप.
जून ते जानेवारीत पहिल्यांदाच.
आणि मग चारही इयत्ता, एका सुरात,
"हांव न्हय, टीचर!"

वेदेश तेवढा हसला नाही.
खिडकीच्या गजातून तोंड काढून म्हणाला,
"टीचर, नाकांतल्यान."

आई हसली.
मग नदीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली,
पाठमोरी.
मी तिला काही विचारलं नाही.
पाठीला डोळे नसतात ते बरंच.

संध्याकाळी फेरीबोटीत वह्या तपासताना
प्रगतिपुस्तकं काढली. रकाना: वर्तन.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला
आणि मी सवयीने मान वर करून म्हटलं,
"कोण?"

स्कूटरवाले, मासळीवाली, एक कुत्रा,
सगळे माझ्याकडे बघत होते.
कबूल कुणीच केलं नाही.