तिसरा भाग

नियमांच्या पुस्तकात राखवंशीयांना अकरा ओळी.
ग्रह कोणता, वैर कोणाशी, तोफेचा पल्ला किती इंच.
शेवटची ओळ : शिपाई खर्ची घातल्यास दोन गुण.

एवढ्याच भांडवलावर आम्ही चार उन्हाळे लढलो,
अजनीच्या एका दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर.
संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या तासून डोंगर केले,
कोराडीहून पिशवीभर राख आणून
फेविकॉलवर भुरभुरवली, ते मैदान.
कूलर जरा तिरपा फिरला
की माझं अर्धं पायदळ आडवं.
खोब्रागडेकाका म्हणायचे,
"वारा बी नियमात लिव ना बे."

राखवंशी त्यांचे.
सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला
इतका करडा रंग का आवडावा, मी विचारलं नाही.
दोन गुणांसाठी ते शिपाई उचलायचे
पोह्यातला कढीपत्ता बाजूला काढावा तसे.

मग सीताबर्डीच्या फुटपाथवर, गाईडांच्या ढिगाखाली
पहिला भाग सापडला. साठ रुपये.
मुखपृष्ठावर जळतं जहाज, आत बारीक इंग्रजी,
पाच पानं वाळवीने माझ्याआधी वाचलेली.
अकरा ओळींच्या त्या सैन्याची इथे चारशे पानं.

मी दर रविवारी सांगायचो, काका ऐकायचे.
राखवंशी निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजतात, म्हटलं
तर म्हणाले, "म्हंजे रोडगेच ना?"
आणि त्यांच्यात एक ओरेन होता,
मेलेल्यांची मोजदाद करणारा,
जो मोजताना मुद्दाम चुकायचा,
एक कमी लिहायचा, दर वेळी एक कमी.

त्या संध्याकाळी काकांनी शिपाई उचलला
आणि हात मध्येच थांबला.
"यातला ओरेन कोणता?"
"कोणीही असू शकतो, काका."
त्यांनी तो जागेवर ठेवला. तोंड नीट पूर्वेला करून.
तो डाव ते हरले. पुढचे सात रविवारही.

दुसरा भाग हॉस्टेलच्या रद्दीत मिळाला.
त्याच्या शेवटी ओरेन पुलावर,
मागून त्याच्याच सैन्याची जहाजं सुटलेली, ब्रेक नसल्यासारखी.
तिसरा भाग नागपूरला आलाच नाही.

"मंग?"
"मग माहीत नाही."
पुढल्या रविवारी पुन्हा, "मंग?"
शेवटी त्यांनी कपाटातून रेल्वेची जुनी डायरी काढली,
मागची पानं कोरी होती.
"लिव," म्हणाले.

आमच्या तिसऱ्या भागात पुलाच्या अलीकडे एक सिग्नल आहे.
त्यावर एक माणूस आहे, ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही.
तो अख्खं आरमार लालवर धरतो. सात मिनिटं.
वरून हुकूम येतात, शिव्या येतात, नोकरीची धमकी येते.
तो दांडा सोडत नाही.
ओरेन उलटे आकडे मोजत पलीकडे जातो.

"सातच का, काका?"
आत काकूंनी कुकरखालचा गॅस बंद केला.
काका फाशाकडे बघत होते.
"चौकशीत सातच लिवले होते."

दोन वर्षांनी खरा तिसरा भाग पार्सलने आला.
पान नऊ. अर्धं वाक्य.
पुलावरचे सगळे गेले, आणि स्वल्पविरामानंतर
सेनापतीच्या घोड्याचं वर्णन.

मी लपवलं नाही. सांगून टाकलं.
त्यांनी पुस्तक उलटं केलं, किंमत पाहिली,
चष्मा वर सरकवून प्रकाशकाचं नावही.
"छापणाऱ्याची चूक हाये बे.
पुढल्या आवृत्तीत करतीन दुरुस्त."

आणि फासा माझ्यापुढे सरकवला.
पुलाच्या अलीकडे, राखेत खोचलेली
एक आगपेटीची काडी उभी होती, न पेटवलेली,
लाल डोकं वर.
माझी जहाजं तिच्या मागे.
मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.