शिजिरा

तळहाताएवढा तुकडा आला,
कोल्हापूरच्या एजंटानं पुठ्ठ्यावर पिन मारून दिलेला:
गडद निळा, उभ्या रेघांचा, अंगभर बारीक सुरकुत्या.
जपानात उन्हाळ्यात घालतात म्हणे. नाव शिजिरा.
कलगोंडाअण्णा म्हणाले, आता हे काय शिजवायचं?
इचलकरंजीत आमच्या शेडमधले चौदा माग
आपल्याच नादात खडखडत राहिले.

मी मेंडिंगची बाई. एकोणीस वर्षं
दिव्याच्या काचेवर कापड ओढत
ढिला धागा शोधते, लाल खडूनं गोल करते.
गोलाचे पैसे कापतात.
दस्तगीर जॉबरचेही कापलेत, माझ्याच खडूनं,
एका रमजानात चारशे.
भांडला नाही. फक्त माझा चहा पाठवायचा थांबला.

त्यानं तुकड्याची कड उसवली,
धागा ओठांवरून ओढला,
म्हणाला, ह्यात अर्धे ताणलेत, अर्धे सोडलेत.
मुद्दाम.
आणि परत एकदा, माझ्याकडं न बघता,
मुद्दाम.

मग मागावर दुसरा बीम चढला.
त्याच्या साखळीचं वजन काढून त्यानं अर्धी वीट बांधली,
मग पाव वीट,
मग बायकोच्या खलबत्त्यातला बत्ता.
पहिले दोन मीटर चोथा. तिसऱ्याला वीज गेली.
मे महिना, वर पत्रा,
कापसाची फुसकी घामावर चिकटून
आम्ही सगळे एकाच वयाचे दिसत होतो.

चौथ्या दिवशी उतरलं ते सपाट,
शाळेच्या गणवेशासारखं. अण्णा वळून गेले.
दस्तगीरनं बादलीभर कढत पाणी मागितलं.
बुडवलं, पिळलं नाही, तसंच दोरीवर टाकलं.
सुकता सुकता ते आपलं आपण गोळा झालं,
दुपारी झोपलेल्या पोराच्या गालावर
चटईच्या खुणा उठाव्यात तसं.

मी ते काचेवर घेतलं, दिवा लावला.
सगळीकडंच ढिलं.
खडू टेकवायचा कुठं?
मनगटावर पसरून बघितलं तर
कापड कातडीला नुसतं ठिकठिकाणी टेकत होतं,
मधे वाऱ्याला वाट.

ऑर्डर आली नाही. दर जमला नाही, एवढंच कळलं.
चार मीटर उरलं. दोन माझ्याकडं आहे,
अजून कात्री लावली नाही.
दोनाचा दस्तगीरनं शर्ट शिवला,
तो घालून संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीवर उभा असतो
आणि रोज कुणीतरी विचारतंच,
काय मिस्त्री, इस्त्रीवाला गावाला गेलाय व्हय?
तो बशीत चहा ओततो, फुंकर घालतो.
पाठीवरचं कापड जरासं उचलतं.