पाव सूत

सीडरची काडी घासायला घेतली की
शेडभर आल्याचा वास सुटतो.
वर्लिन म्हणतो, या वासानं सर्दी पळते.
मला सर्दी होत नाही, डोळे चुरचुरतात,
पण एकोणीस वर्षांत हे मी त्याला सांगितलेलं नाही.

बाहेर धुकं. धुक्यामागे कोकील नदी,
तिच्याही मागे पॅसिफिक,
दिसत नाही, नुसता घोरतो.

काम सोपंय, तो म्हणतो.
पुढची काडी आहे तशी सोडायची.
मागचे नऊ इंच
खाचेकडे जाता जाता पाव सूत उतरवायचे.
पाव सूत म्हणजे किती?
डोळ्याला कळू नये
आणि बोटाला कळावं, इतकं.

मी ड्रिलमध्ये काडी अडकवते, फिरवते,
चिमटीत सँडपेपर. चिमूट तापते.
थांबते, बोट फिरवते, पुन्हा.
वर्लिन माझा सासरा. त्याचा मुलगा
एका मंगळवारी बोइसीला निघून गेला.
मी राहिले, कारण त्या आठवड्यात
अठ्ठेचाळीस बाणांची ऑर्डर होती.
नंतर कारण विचारायचं राहूनच गेलं.

बाण सरळ सुटत नाही.
सुटतो तेव्हा मासळीसारखा वळवळतो,
धनुष्याच्या कडेनं अंग चोरून निघतो.
शेपूट जड असलं
तर जाता जाता थोबाडीत मारून जातो,
आणि पुढे कितीतरी वेळ शेपूट हलवत राहतो,
कुणी हाक मारील म्हणून.
हलकं असलं की लवकर शांत होतो.
हे वर्लिनचे शब्द. बोइसीचं नाव
आम्ही दोघांनीही काढलं नाही.

या ऑक्टोबरात टॅन्सी ओडेल आली.
पंधरा वर्षांची, डावखुरी,
अडतीस पौंडांचं धनुष्य, आजोबांच्या ट्रकमध्ये.
एक डझन हवेत.
अकरा झाले. बारावा होईना.
एक काडी ताठ, एक मऊ,
एकीच्या रेघा मध्येच तिरक्या पळालेल्या.
चांगलं लाकूड आता येतं कुठून?
ओढ्याच्या पाण्यातून मुळांना रोग लागतो,
उभं झाड वरून तांबूस होत जातं.
आम्ही चाळीस वर्षांपूर्वी पडलेली खोडं उकरतो.

वर्लिन घरात गेला.
परत आला तेव्हा हातात एक काडी,
मधासारखी काळवंडलेली, पिसं नाहीत,
पेन्सिलीनं काढलेला एक ‘ने’.
दोन खुंट्यांवर ठेवली, मधोमध वजन टांगलं.
काटा थरथरला
आणि त्या अकरांच्याच घरात येऊन बसला.

देऊ नका, मी म्हटलं.
तो डिंकाची बाटली शोधत होता.
त्याचा हात हल्ली कप धरत नाही,
म्हणून पिसं मीच चिकटवली, डाव्या पंखाची.
शेपटावरून बोट नेलं
आणि एका जागी अडखळले:
इथे जरा जास्तच घासलंय.
वर्लिनच्या कामात चूक? मी वर पाहिलं.
‘नेल्डानं केलीय ती,’ तो म्हणाला.
‘धीर नव्हता तिला. पिसांपर्यंत पोचलीच नाही.’
बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकून थांबला.

दोन आठवड्यांनी टॅन्सी आली.
भात्यात अकरा.
बारावा नेच्यांत गेला, ती म्हणाली,
दोन दिवस गुडघ्यांवर रांगून शोधला.
कान लाल झाले होते तिचे.

‘गेला कसा?’ वर्लिननं विचारलं.
‘म्हणजे?’
‘शेपूट हलवत होता?’
ती विचारात पडली.
‘नाही. हललाच नाही.
धनुष्याला कळलंसुद्धा नाही तो गेला ते.’

वर्लिननं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला,
आणखी मळवला, परत घातला.
मग माझ्यापुढे एक कोरी काडी सरकवली.
‘मागचे नऊ इंच,’ म्हणाला,
जसं काही मला माहीतच नव्हतं.