हळद म्हणालास की

वीस वर्षं मिरजेत रक्त काढते मी.
सकाळी सात ते दोन, खिडकी क्रमांक तीन,
मूठ आवळा, मूठ सोडा, झालं हं, दाबून धरा.
लोक तोंड फिरवतात, कॅलेंडरकडे बघतात.
पोरांना आया मांडीत गच्च धरून ठेवतात
आणि त्यांचं 'नको' कुठल्याच रजिस्टरात लिहिलं जात नाही.

मग तू. नाव सुकुमार, आणि मागणी ही.
तंबोऱ्याची जवारी काढणारे हात टेबलावर ठेवून
चहा थंड होईस्तोवर गप्प, मग म्हणालास,
मला टोचून घ्यायचंय. आजारी नसताना. तुझ्याकडून.
मी हसले नाही. एवढं लक्षात ठेव, मी हसले नाही.

तीन महिने नुसतं बोललो.
तुझे रिपोर्ट, माझे रिपोर्ट, काविळीची लस दोघांनाही.
रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना? चक्कर येते?
धनुर्वाताच्या इंजेक्शनला आलेली, दहावीत.
मग झोपूनच. बसून नाही.
थांबायचा शब्द तू निवडलास : हळद.
सांगलीच्या पोत्यांतली, आणि आपल्या दोघांनाही
एकेकदा लागून उतरून गेलेली.

रविवार. खाली गल्लीत कुणीतरी तार चढवत होतं,
टुण्, आणि जरा वर, टुण्.
जेवलास? जेवलो. घेतलीयस? थेंब नाही.
चादर धुतलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले, मोजे नवे.
पाकिटावरची तारीख तू मोठ्यानं वाचलीस,
मी सांगितलं म्हणून.
पंचवीस नंबरची, नारिंगी बुडाची सुई.
मणका सोडून, हाडाची कड सोडून,
निळी रेघ दिसेल तिथून लांब.
स्पिरिट लावलं की वाळू द्यायचं, फुंकायचं नाही.
घाई होते ती इथंच.

चिमटीत कातडी. सुईचा तिरका काप वर.
खोल जायचंच नाही, आडवं जायचं,
धावदोरा घालतात तसं, वरच्या पदरातून
इकडून आत, तिकडून बाहेर.
श्वास सोड म्हटलं. सोडलास. गेली.

बरं आहे?
आहे.
दुसरी घालू?
घाल.
वीस वर्षांत कुणी मला 'घाल' म्हणालं नव्हतं.
तिसरीला तुझी पाठ सैल झाली,
सुताचा धागा नेमक्या जागी आल्यावर
तंबोरा एकदम बोलायला लागतो, तशी.
चौथी. मी विचारलं, तू हुंकार दिलास,
हुंकार चालणार नाही, शब्दात सांग.
हो. घाल.

पाचवी आत होती. सात ठरल्या होत्या.
हळद, म्हणालास.

का, ते विचारलं नाही.
ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं, एकेक, सावकाश,
वर कापूस, दाब, सुई थेट पांढऱ्या डब्यात,
टोपण परत लावायला जायचं नाही, तिथंच आपलं बोट फुटतं.
सहावीचं पाकीट माझ्या हातात अर्धं फाटलेलं.
तीही डब्यात. उघडलं ते गेलं.

मग शाल, गूळशेंगा, पाणी.
खूप वेळानं, उशीत तोंड ठेवून :
दुखलं नव्हतं. थांबतेस का, ते बघत होतो.
राग आला मला. मग नाही आला.

सोमवारी साडेसहाला फोन केला, लाल झालंय? गरम लागतंय?
ठिपके, म्हणालास, पाच ठिपके, बस.
सातला खिडकी तीन. बेडगची म्हातारी, दंडाला पट्टा बांधलेला,
शीर छान वर आलेली, मी सुई टेकवणार तोच
थांब गं जरा.
मागं रांग पार जिन्यापर्यंत. सिस्टर ओरडली, मॅडम, उरका.
मी पट्टा सोडला.
तिनं पदर सारखा केला, कॅलेंडरवरचा देव बघितला,
कुणाला तरी मनात काहीतरी सांगितलं असावं,
आणि हात स्वतःच पुढे केला.
हां. आता.