कामकाजातून वगळावे

एकतीस वर्षं मी लघुवाद न्यायालयात लघुलेखिका होते.
धन्या म्हणायचा, सगळंच लघु तुझं, ताई,
शंका तेवढी राहिली.

साक्षीदार खोकला, हुंदका आला, नुसताच छताकडे बघत राहिला,
ते मी लिहिलं नाही.
साहेब म्हणाले 'वगळा', की एक आडवी रेघ.
काय लिहायचं नाही, याचाच मला पगार होता.

म्हणून परळला, पाचव्या मजल्यावर,
त्यांनी धन्याच्या टकलावर चौसष्ट तारांची टोपी चढवली
तेव्हा माझा हात पर्समध्ये पेन शोधू लागला.

धन्या, म्हणजे सुधन्वा तळपदे,
माझगाव गोदीत फिटर,
ज्याच्या शिव्यांनी बोटीच्या पत्र्याला पोचे पडत,
तो सात महिने एका डाव्या पापणीएवढा उरला होता.

अन्विता नावाची पोर म्हणाली,
काका, बोलायचं नाही, नुसता विचार करा.
पाटी रंगवणाऱ्याच्या हातून उतरावीत तशी
एकेक अक्षरं पडद्यावर आली:
उजव्या पायाला खाज सुटली आहे.

सात महिने!
आम्ही त्याला अंगारा लावला,
नातवाचं बोबडं बोलणं कानाशी धरलं,
धीर धर म्हणालो,
आणि खाज तशीच.
मी चादर वर करून नखांनी खाजवलं.
डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर.
त्या संध्याकाळी
मी त्या यंत्राला हळदकुंकू वाहायला तयार होते.

पण 'सुटली आहे'?
धन्या जन्मात असं बोलला नाही.
अन्विता म्हणाली, सिग्नल अर्धामुर्धा येतो, आजी,
मधलं यंत्र अंदाजाने भरतं.
शिव्या कोशातून काढल्यात, हॉस्पिटल आहे ना.
म्हणजे अर्धा माझा भाऊ
आणि अर्धा कुणी परका गृहस्थ,
कडक इस्त्रीचा.

तिसऱ्या आठवड्यात, रात्री,
मी त्याचं तोंड पुसत होते, कुणी काही विचारलं नव्हतं,
आणि पडद्यावर आलं:
आता पुरे.

पुरे म्हणजे? पुसणं? मी? की जगणं?
सकाळी डॉक्टर आले, मागे दोन शिकाऊ, वह्यांसकट.
म्हणाले, यंत्राला एक्क्याण्णव टक्के खात्री आहे.
कशाची?
याच खुर्चीत बसून मी कितीदा
त्याला चंदनवाडीला पोचवून आले आहे,
तेराव्याच्या जेवणाचा मेनूसुद्धा ठरवला आहे,
आणि मग उठून त्याची कूस बदलली आहे.
माझ्या डोक्यावर टोपी असती
तर त्याने ते वाचलं असतं, एका डोळ्याने.

संमतीपत्र अठरा पानी.
कलम चौदा: नोंदलेले संकेत कंपनीच्या मालकीचे.
अंगठा धन्याचा,
शाईच्या पॅडवर दाबला मी.
उलटतपासणीत टिकला नसता.

मी अन्विताला म्हणाले, उमटण्याआधी त्याला विचारा.
पापणी एकदा मिटली: लिहा.
दोनदा: वगळा.
दहा दिवस लागले तिला.
वरच्यांना विचारलं नसावं, मीही विचारलं नाही.

ते 'आता पुरे' मात्र कुठेतरी दप्तरी आहेच.
उद्या विमेवाला काढेल.
किंवा कुणीच काढणार नाही, ते जास्त वाईट की कमी,
मला ठरवता येत नाही.

आता तासन्‌तास पडदा कोरा.
पापणी दोनदा. दोनदा. पुन्हा दोनदा.
एवढं काय वगळतोस रे?
मी आपली, सवयीने,
चादरीखाली हात घालून उजवा पाय खाजवते.

पापणी एकदा मिटते.
(चार शब्द पोरीने चोरून परत कोशात घातले आहेत.)

डावा गं, भवाने.